रणधीरचं दुसरं लग्न

हरणाबाईंचा रणधीर गेल्यावर पहिल्यांदा दिसला तो भर दुपारी. जेवणं उरकून त्या ओसरीवर पदर अंथरून आडव्या झाल्या होत्या. डोळा लागतो न लागतो तोच तो उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. कपाळाला मुंडावळ्या, अंगाला ओली हळद, आणि चारचौघांत कुणी पाणउतारा केल्यासारखा चेहरा.

"आई, माझं दुसरं लग्न का लावलंस?" एवढंच म्हणाला.

हरणाबाई दचकून उठल्या. उंबऱ्यात कोंबडी उभी होती. पण जे कळायचं ते त्यांना कळलं होतं, आणि पुढं रोज दुपारी ते नव्यानं कळत राहिलं.

आता हे दुसरं लग्न कोणतं, ते सांगायचं तर आधी पहिलं सांगितलं पाहिजे. रणधीर पुण्यात एका कारखान्यात होता. त्याच्या खोलीत तामलवाडीचा अमरसिंह राहायचा. आमचं सोनारी गाव त्याला रणधीरचा रूम पार्टनर म्हणायचं आणि गावाचं इंग्रजी तेवढ्यापुरतं बरोबर होतं. लेकानं खरं काय ते सांगितलं तेव्हा हरणाबाईंनी आधी रडून घेतलं, मग अन्न सोडलं, मग भूक लागली म्हणून जेवल्या. दिल्लीच्या मोठ्या कोर्टानं ज्या वर्षी सांगितलं की असल्या लग्नाचा कायदा करणं आमचं काम नाही, ते संसदेनं बघावं, त्याच वर्षी दिवाळी झाल्यावर या दोघांनी एका मित्राच्या घरी एकमेकांना हार घातले. रणधीरनं फोन केला होता, "तू आली न्हाईस तर बिनआईचं लगीन व्हईल." हरणाबाई डोळे दाखवायला जाते असं सांगून गेल्या. अंतरपाटाचं एक टोक त्यांनीच धरलं. मंगलाष्टकं कुणालाच धड येत नव्हती, तरी अक्षता वेळेवर पडल्या.

परत आल्यावर शेजारच्या सिताबाईंनी विचारलं, "काय म्हनला गं डॉक्टर?"

"काय न्हाय, थेंब दिल्यात," हरणाबाई म्हणाल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

चैतात काळभैरवाच्या यात्रेला येताना बार्शीच्या रस्त्यावर ट्रकनं रणधीरच्या मोटारसायकलला उडवलं.

मयत दारात आली तेव्हा घर सावरलं ते धाकट्या दिरानं, आण्णासाहेबांनी. नवऱ्याच्या माघारी घराचा कारभार त्यांच्याच हातात. रणधीरला त्यांनी खांद्यावर घेऊन पोहायला शिकवलं होतं. बिनलग्नाचा माणूस तसाच जाळला तर मागं राहतो, घर धरतो, असं आमच्याकडं मानतात. म्हणून आधी रुईच्या झाडाशी त्याचं लग्न लावायचं आणि मग अग्नी द्यायचा. आण्णासाहेबांनी स्वतः बांधावरच्या रुईची फांदी आणली. रडत रडत तिला हळद लावली, पुतण्याला मुंडावळ्या बांधल्या. पुण्याहून आलेली पोरं भिंतीला धरून उभी होती, त्यांत अमरसिंहही. कुणीतरी सगळ्यांच्या हातावर तांदूळ ठेवत गेलं, त्याच्याही ठेवले. आणि सगळ्यांनी टाकल्या तेव्हा त्यानंही अक्षता टाकल्या.

हरणाबाईंनी ते बघितलं. थांबा, त्याचं लग्न झालंय, एवढंच बोलायचं होतं. पण बोललं तर लोक मयतीला हात लावतील का, ही भीती. जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. आईची जात, आणि अशा वेळी मुकी! त्यांच्या जागी कोण बोललं असतं, हे मला विचारू नका.

तर दुपारी रणधीर येत राहिला. कधी उंबऱ्याशी, कधी रांजणापाशी. प्रश्न तोच. हरणाबाईंचं अंग वाळत चाललं. शेवटी त्यांनी फातिमाबीला सांगितलं. फातिमाबी गावात शिवणकाम करायची, बायकांचा बचत गटही तीच चालवायची. पुण्यापासून रुईपर्यंत सगळं ऐकून घेताना तिनं मशीन थांबवलं होतं.

"आमच्यात असलं काय न्हाय," ती म्हणाली, "पर हरणाबाई, झाडासंगट लावलेलं लगीन तुमच्या लेकाला जाचतंय, म्हंजे ते लागलं म्हनायचं. आन् हे लागलं तर पुन्याचं बी लागलंच की! त्यात तर दोघं राजीखुशी हुते."

एवढं सरळ गणित हरणाबाईंना कुणी मांडून दिलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यांचं तोंड उघडलं, आणि एकदा उघडल्यावर कुणाच्या बापाला मिटेना. बचत गटाच्या बैठकीत, गिरणीवर, परंड्याच्या बाजारात; फातिमाबी सोबत असायचीच. "रुईच्या फांदीला कुनी इचारलं का, तू बाई हाईस का बापय?" हरणाबाई विचारायच्या. "तिथं समद्यांनी तांदूळ टाकले. जित्या मानसानं जित्या मानसाचा हात धरला की मातुर तुमाला शास्तर आठवतं!" बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. काही हसून झाल्यावर गप्प व्हायच्या. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही, हे गावाला पहिल्यांदाच सोसावं लागत होतं.

निवडणुकीत एक उमेदवार मतं मागायला आला. हरणाबाई सभेत उभ्या राहिल्या. "माज्या लेकाचं लगीन सरकार कवा धरनार?" त्यानं हात जोडले, "मावशी, आंतरजातीय असेल तर योजना आहे, अर्ज करा." फातिमाबीनं त्याला नीट समजावून सांगितलं. त्यानं घाईनं पुढच्या गावाचं नाव घेतलं.

सभांनी कायदा येईल तेव्हा येईल. दुपारचा लेक थांबायला तयार नव्हता. वर्षश्राद्ध तोंडावर आलं आणि हरणाबाईंनी ठरवलं, रुईशी काडीमोड घ्यायचा. पूर्वी नवराबायको पंचांसमोर काडी मोडून वेगळी व्हायची, तसाच. श्राद्धाच्या सकाळी पंच म्हणून गटातल्या बायका बांधावर रुईपाशी बोलावल्या. पुण्याहून अमरसिंहाला बोलावलं.

आण्णासाहेबांना कळलं तसे ते तडक बांधावर आले. आता भांडण होणार म्हणून बायका मागं सरकल्या. पण त्यांचा आवाज चढला नाही.

"वैनी, म्या काय वाईट केलं हुतं?"

"न्हाय आण्णा. तुमाला ठाव न्हवतं. मला ठाव हुतं."

आण्णासाहेबांनी अमरसिंहाकडं बघितलं. पोरगा खाली मान घालून उभा होता.

"आन् ही मोडली, आन् त्यो मागं ऱ्हायला तर?" अब्रूबिब्रू काही नव्हतं हो त्यांच्या मनात, पोराचीच काळजी होती.

"ऱ्हाऊ द्या. माज्यापाशी ऱ्हाईल."

हरणाबाईंनी रुईची कोवळी काडी तोडली, पंचांना दाखवली आणि मोडली. बोटांना चीक लागला. "माजा रनधीर हितनं मोकळा. त्याचं लगीन एकच, ह्या अमरसिंगासंगट," त्या मोठ्यांदा म्हणाल्या. फातिमाबीनं "मंजूर" म्हटलं, मग एकेक बाई म्हणाली. आण्णासाहेब काही न बोलता घराकडं चालू लागले. श्राद्धाच्या पानाला अमरसिंह बसला आणि घास तोंडात घेऊन हमसून हमसून रडला.

दुसऱ्या दिवशी हरणाबाई जेवणं उरकून ओसरीवर आडव्या झाल्या. आज तो हसत येईल, मुंडावळ्या नसतील, अंगावर हळद नसेल. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. त्या आठवड्यात नाही, महिन्यात नाही. हे हरणाबाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. मोकळा केला म्हणजे जाणारच की तो! आपण लेकाला सोडवला आणि आपल्या हातानं पुन्हा एकदा वाटेला लावला. रुसलेला का होईना, रोज दारात तर येत होता. आता दुपार नुसती दुपार होती आणि ती सरता सरत नव्हती.

अशाच एका दुपारी सिताबाई येऊन ओसरीवर टेकल्या. गटाच्या बैठकीत सगळ्यांत जास्त हसणारी बाई ती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "माजी गायत्री सोलापुरात ऱ्हाती ना, एका पोरीसंगट. म्या इचारलं तर म्हनली, आमी दोघी आता एकच. म्या म्हनलं, मंग मला तोंड दावू नगंस." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "हरणे, तुजा रनधीर येतो का गं अजून?"

"न्हाय. आता सपनात बी न्हाय."

सिताबाईंनी कनवट चाचपली.

"मला हाक मारायला कुनी ऱ्हायलं न्हाय, सिते," हरणाबाई म्हणाल्या. "तुजी उचलंल. लाव फोन."

सिताबाईंनी कनवटीचा मोबाइल काढला. दोनदा चुकीचं बटण दाबलं. मग रिंग जाऊ लागली तसा त्यांनी घाबरून फोन हरणाबाईंपुढं धरला.

"काय बोलू गं मी?"

"जेवलीस का, म्हन."