विकलेली गाडी खळ्यात

भुताखेताच्या गोष्टी ऐकल्या की माझं डोकं फिरतं. आमच्या आरोंद्याच्या बाजूला दर दुसऱ्या माणसाच्या काकाला कोणीतरी दिसलेलं असतं... मी मेकॅनिक आहे. गाडी बंद पडली तर आधी पेट्रोल बघायचं, मग स्पार्क बघायचा. देवचार बघायचा नाही. तरी हे लिहितेय, कारण माझा सख्खा भाऊ मला अजून चोर म्हणतो आणि ते गुमान ऐकून घ्यायला मी काही मेलेली नाही.

गाडी बाबांची. पोर्तुगीज अमदानीत बोटीनं गोव्यात उतरलेला अमेरिकन पिकअप — गोल हेडलाईट, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. बाबांनी आयुष्यभर त्यातून नारळ वाहिले. ते गेल्यावर गाडी घरापुढच्या खळ्याच्या कडेला माडाखाली गंजत पडली. दादा मुंबईला. मीच इंजिन उतरवलं, पत्रा ठोकला, हौद्याला फणसाच्या नव्या फळ्या लावल्या, जुना हिरवा रंग जुळवून आणला. वर्षं गेली त्यात. एकच खोड काही केल्या गेली नाही — इंजिनच्या मागच्या सीलमधून ऑईल गळायचं. माडाखाली रोज एक काळा डाग. आई शेणानं खळं सारवायची आणि त्या डागावरून मला शिव्या घालायची.

आणि एक दिवस दादाचा फोन — "गाडी विकली. गोव्यातल्या एका रिसॉर्टवाल्याला."

विचारलं नाही, सांगितलं! बाबांच्या मागे आरसीवर नाव त्याचं लागलं, कारण मुलगा तो. पाना कोणाच्या हातात होता ते आरसीवर लिहीत नाहीत ना. तो शेट ती गाडी बागेत ठेवून, हौदा कापून त्याचा बार करणार होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण करते काय?

न्यायला आले त्या दिवशी दादा आला होता. आमच्यात वाहन गावाची शीम ओलांडून लांब निघालं की राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. बाबांच्या दर खेपेला ते आबा घालायचे, म्हणजे आमचे काका. सवयीनं आबाच पुढे झाले.

"बा देवा म्हाराजा! ही गाडी आज शिमेभायर जाता. वाटेक काय आडनड इली तर ती दूर कर, आणि जशी जाता तशी सुखरूप घराक परत हाड, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे. मीसुद्धा, दात-ओठ खात. शेटच्या माणसांनी गाडी ट्रेलरवर चढवली आणि ती खाडीपुलावरून पलीकडे गेली.

आठवडाभरानं सकाळी आईची हाक आली. "बाये, भायर ये गो! ही खंयसून इली?"

माडाखाली गाडी. तोंड घराकडे, बाबा लावायचे तशी. बॉनेटला हात लावला तर थंडगार. बॉनेट उघडलं. बॅटरी नाही. कार्बोरेटर नाही! कार्बोरेटरशिवाय गाडी चालत नाही हो, मग ती कोणाच्या का बापाची असेना.

आईनं दादाला फोन करून सांगितलं, त्यानं शेटला. दुपारी शेट आला, तो ओरडतच. "ताई, पोलिसात देईन! शेडचं कुलूप तुम्ही तोडलं!" मागाहून दादा फोनवर — "तुला विकायची नव्हतीच. टो करून आणलीस ना?"

"टो करून?" मी म्हटलं. "मग चाकं खळ्यावरून उडत आली काय रे?"

आईनं कालच सांजेला सारवलं होतं. शेण रात्रभर ओलं होतं आणि त्यावर एका चाकाची खूण नव्हती. शेटनं खाली बघितलं. मग त्यानं आपल्या माणसाला फोन लावला. कुलूप जसंच्या तसं होतं. बागेत ठेवायची म्हणून काढलेली बॅटरी आणि कार्बोरेटर तिथल्याच फळीवर होते. शेटचा आवाज बसला... पण "चुकलो" म्हणाला नाही तो मेला!

आबा तेवढे शांत. "तिका कित्या बोलतास? आपणच सांगितलव, परत हाड म्हणान. तेणा हाडल्यान. राखणदाराचा काय चुकला?"

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आणि रागही आला — बाबांची गाडी राखणदाराला कळली, पोटच्या पोराला कळली नाही!

पुन्हा नारळ. पुन्हा आबा. "म्हाराजा, आमच्या तोंडातसून चुकान गेला. ही गाडी आता आमची नाय. जंय जाता थंयच तिका ऱ्हवांदे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आई म्हणाली, शेट म्हणाला, फोनवरून दादाही म्हणाला.

मी नाही म्हटलं. नाहीच म्हणणार. माझ्या हातांनी उभी केलेली गाडी, आणि मी कशी म्हणू आमची नाय?

गाडी गेली ती गेली. तिचा हौदा कापला. दादानं फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली "मस्त ना?" मी ग्रुप सोडला.

पण माडाखाली अजून रोज सकाळी एक काळा थेंब असतो. ताजा. बोटानं चोळून, वास घेऊन बघितलंय मी, इंजिन ऑईलच आहे. वर फक्त माडाच्या झावळ्या. दादा म्हणतो, तूच ओततेस. ओतते म्हणे! त्याला म्हटलं, ये आणि बस इथे पहाऱ्याला. आला नाही. मी स्वतः बसले, तरी कधी पडतो ते दिसलं नाही. कुठून येतो, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर सांगा, पण मला शहाणपण शिकवू नका.

आई आता शिव्या घालत नाही. तेवढी जागा सोडून सारवते.