नथ्थूजींच्या डोंग्यातली रेंज

रामटेककडच्या आमच्या गावाला टेकड्या आड येतात, म्हणून मोबाइलला रेंज नव्हती. नेट लागायचं ते थेट धरणाच्या मधोमध, आणि तिथवर नेणारा डोंगा एकच, नथ्थूजींचा. फोन लागला की नथ्थूजी वल्हं थांबवून पाठ फिरवत. लोकांचं बोलणं ऐकायचं नाही आणि कुणाचं काही सांगायचं नाही, हा त्यांचा नेम. पिंकीला पाहायला पुण्याचा मुलगा व्हिडिओ कॉलवर आला, तोही डोंग्यातच. तिच्या आईने हट्टाने पोह्यांची बशीसुद्धा दाखवली. कॉल संपल्यावर ते पोहे नथ्थूजींनीच खाल्ले.

टॉवरवाल्यांना आमचं गाव यंदा कुठे दिसलं. टॉवर लागला आणि नथ्थूजींचं आता कसं, म्हणून मी उगाच हळहळलो. दुसऱ्या दिवशी दुपारी यमुताई लेकीशी बोलायला काठावर हजर.

"घरी फुल रेंज हाये न, यमुताई. मंग डोंग्यात काहून?" नथ्थूजींनी विचारलं.

"घरी सून कान लावून बसते, भाऊ. मोकळं बोलताच येत नाही."

सकाळीच त्यांची सून माहेरी फोन करायला डोंग्यातून जाऊन आली होती. नथ्थूजींनी डोंगा पाण्यात लोटला. मधोमध पोचल्यावर वल्हं थांबवलं आणि पाठ फिरवून बसले.