साडूंचं कोपर

डेव्हन ॲव्हेन्यूवर मिठाईच्या दुकानासमोर मला आमचा पहिल्या नंबरचा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला बोलर, दिसला. हातात आंबा बर्फीचा पुडा आणि डोक्यावर दुसऱ्याच टीमची टोपी! मी गाडी तशीच बसस्टॉपवर घातली, काच खाली केली आणि मागची बस भोंगा वाजवत असताना ओरडलो, "हे काय आहे?"

"बर्फी," तो म्हणाला. पुण्याचा आहे.

"डोक्यावर काय आहे?"

"अरे यार, पर्सनल घेऊ नकोस. त्यांची टीम दरवर्षी प्लेऑफला जाते. आपली डबे घेऊन पॉटलकला जाते."

इतकी वर्षं प्रत्येक मॅचनंतर या माणसाने माझ्या बायकोच्या हातची साबुदाणा खिचडी खाल्ली होती, वर दाण्याचं कूट कमी पडलं म्हणून टीकाही केली होती. मी पुढे जे बोललो ते छापण्यासारखं नाही. इतकंच सांगतो, की बसच्या ड्रायव्हर बाई भोंगा थांबवून ऐकू लागल्या.

आमची टीम म्हणजे नेपरव्हिलमधल्या पंचेचाळिशी उलटलेल्या हौशी लोकांची बेसबॉल टीम. निम्मे मराठी, निम्मे शेजारपाजारचे. मी मॅनेजर आणि कॅचर, बॅटिंग करणाऱ्याच्या मागे उकिडवा बसून बॉल झेलणारा. म्हणजे गुडघे माझे आणि शिव्याही मलाच. मॅच सुरू करणारा पिचर, ज्याला स्टार्टर म्हणतात, तो धड नसेल तर बाकीच्यांनी घरी बसावं. त्या वर्षी सीझन संपल्यावर एका स्टार्टरच्या खांद्याचं ऑपरेशन झालं, दुसरा मुलाजवळ टेक्ससला गेला आणि तिसरा बर्फी खात होता. एप्रिलच्या आत नवे उभे करायचे होते.

बाहेर बर्फ, म्हणून रेल्वेलाइनजवळच्या एका गोडाऊनमधला जाळीचा पिंजरा दर शनिवारी सकाळी भाड्याने घेतला. मराठी मंडळातला एकूण एक पुरुष कॉलेजात फास्ट बोलर होता, असं मला तेव्हा कळलं. सगळे आले. लांबून पळत आले, हात ताठ फिरवला आणि सवयीप्रमाणे बॉलचा टप्पा पाडला, तो थेट माझ्या नडगीवर.

"टप्पा नको! फेका! हातातून सरळ फेका!" मी बोंबलत होतो.

"फेकायचं कसं यार? पाप वाटतं," एक काका म्हणाले.

शेवटी आमचा शेजारी प्लंबर एक स्टार्टर म्हणून जमला. दुसरा मिळेना. माझं डोकं सदैव तापलेलं, घरातले माझ्या वाऱ्याला उभे राहीनात.

अशात एका सकाळी मी बायकोच्या बहिणीकडे फावडं परत द्यायला गेलो. माझे साडू ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होते आणि रस्त्याच्या कडेला एक रॅकून, मांजरापेक्षा थोराड चोरटा प्राणी, त्यांच्या कचऱ्याच्या डब्यावर चढला होता. साडूंनी बर्फाचा एक खडा उचलला. कोपर कानामागे दुमडलं, चाबकासारखं सुटलं, आणि डब्याचं झाकण असं वाजलं की समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. मी फावडं टाकून त्यांचे पायच धरणार होतो.

पण साडू म्हणजे नाजूक प्रकरण. नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते फास्ट बोलर होते, आणि एका मॅचमध्ये अंपायरने त्यांना बॉल टाकत नाही, फेकतो म्हणून नो-बॉल दिले. क्रिकेटमध्ये कोपर वाकवून फेकणं म्हणजे चोरीच. कॉलेजभर "फेक्या" नाव पडलं. त्या दिवसापासून त्यांनी बॉल हातात धरला नव्हता. घरात क्रिकेट लागलं की उठून गॅरेजमध्ये जात. त्यांचं ठाम म्हणणं, माझा हात सरळ होता.

"नुसतं बघायला या," मी म्हटलं. "चहा पाजतो."

आले. बघितलं. बॉल हातात घेतला आणि इंचभरही कोपर न वाकवता टाकला. टप्पा, नडगी. पुन्हा टप्पा, पुन्हा नडगी. तिसऱ्या वेळी माझं टाळकं सरकलं. मी उभा राहिलो, मास्क काढला आणि उजवा हात अंपायरसारखा आडवा पसरून गर्जलो, "नो बॉल!"

साडू दोन पावलं पुढे आले.

"काय म्हणालात?"

"नो बॉल. फेकलात तुम्ही. फेक्या!"

"साडूभाऊ," ते म्हणाले, "बसा खाली."

मास्क घालून मी बसायच्या आत त्यांनी फेकला. माझा तळवा ग्लोव्हच्या आत पेटला. "फेक्या!" मी पुन्हा ओरडलो, आता थांबेन तर शपथ. दुसरा आला. तिसरा आला. प्लंबर इंग्रजीत देवाचं नाव घेत होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तिथेच घोळ झाला. साडू थबकले. त्यांनी स्वतःच्या कोपराकडे असं पाहिलं, जणू एखाद्या पाहुण्याने भर जेवणात आपल्याला घाण शिवी दिली आहे. कोट उचलला आणि निघून गेले.

संध्याकाळी बायको माझ्यावर तुटून पडली. "काय केलंस तू? ताई सांगतेय, ते जेवलेसुद्धा नाहीत!"

"मला एक स्टार्टर हवा होता!"

"आणि मला एक बहीण हवी आहे. चल."

गेलो. साडू स्वयंपाकघरात बसले होते. मी माफी मागणार नव्हतो, आणि त्यांनाही ती नको होती.

"वाकतं ना?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला माझी ना नसते, पण समोरचा माणूस असा पाहत होता की जमलं नाही. "वाकतं," मी म्हटलं.

"त्या दिवशी माझे वडील बँकेतून अर्धा दिवस रजा टाकून मॅच बघायला आले होते. अंपायरने हात पसरला. कॅप्टनने माझ्या हातातून बॉल काढून घेतला. मी म्हणायला गेलो, की मला दाखवा तरी काय चुकतंय, तर कॅप्टन म्हणाला, चूप, जा बाउंड्रीवर. सगळं मैदान फेक्या, फेक्या करत होतं. स्कूटरवरून घरी येताना वडील एवढंच म्हणाले, उद्यापासून अभ्यास. मला कोणी एक शब्द बोलू दिला नाही!" आणि त्यांनी टेबलावर अशी मूठ मारली की ताईंची वरणाची वाटी आडवी झाली.

मलाही संताप आला. एका पोराला बाजूला घेऊन, बाळा तुझं कोपर असं असं वाकतं, एवढं सांगायला किती वेळ लागतो? त्या अंपायरला, त्या कॅप्टनला, त्या स्कूटरवरच्या वडिलांना मी तिथल्या तिथे सणसणीत शिव्या घातल्या. वडिलांना घातलेल्या शिव्या ताईंना आवडल्या नाहीत. सासरे होते त्यांचे. साडू मात्र वरण पुसता पुसता ऐकत राहिले.

"शनिवारी किती वाजता?" त्यांनी रागानेच विचारलं.

एप्रिलमध्ये पहिली मॅच त्यांनी सुरू केली. चौथाच बॉल, प्लेटच्या, म्हणजे बॅटरसमोरच्या पाटीच्या, कडेला. अंपायरने तो बाहेरचा ठरवला. साडू माऊंडवरून, पिचरच्या उंचवट्यावरून, खाली उतरले आणि तरातरा माझ्यामागच्या अंपायरकडे निघाले. बेसबॉलमध्ये अंपायरशी अशी हुज्जत घातली की तो बाहेर काढतो.

"मला विचारलं का तुम्ही?" साडू त्या गोऱ्या, पोट सुटलेल्या म्हाताऱ्या अंपायरला शुद्ध मराठीत म्हणाले. "एकदा तरी जवळ येऊन बघितलं का? वडील बसले होते माझे तिथे! शिकलो असतो मी! दोन दिवसांत शिकलो असतो!"

अंपायरने मास्क काढला. साडूंचं बोलून संपेपर्यंत तो थांबला, मान हलवत. मग मला विचारलं, हा काय म्हणतोय?

"त्याला नवीन बॉल हवाय," मी इंग्रजीत सांगितलं.

अंपायरने कमरेच्या पिशवीतून बॉल काढला, दोन्ही तळव्यांत चोळला आणि साडूंच्या हातात दिला. साडूंनी तो घेतला. माऊंडवर परत जाऊन वळून पाहिलं, तर मी अजून उभाच.

"बघताय काय?" ते ओरडले. "बसा!"

मी बसलो.