फाडलेलं शेवटचं पान

शाळेत असताना लायब्ररीच्या पुस्तकाचं शेवटचं पान मी एकदा टरकन फाडलं आणि मोठं समाजकार्य केल्यासारखी घरभर मिरवले. भविष्यातल्या शहराची कादंबरी होती. शेवटी शेजारीण मरते आणि नायिका खुर्चीतून उठतसुद्धा नाही. असली माणसं असतात का कुठे, म्हणत दोन वेण्यांतली मी दीडशहाणी डोळे पुसत होते.

आज खराडीत, समोरच्या फ्लॅटमधल्या बाई गेल्याचं फोनवर वाचलं. मी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं आणि बसल्या जागी चहा संपवला. काहीच वाटलं नाही. मग त्या फाडलेल्या पानाचा दमट वास आठवला.

तेव्हा पुस्तक परत घेताना ग्रंथपालांनी फाटकी कड चाचपली होती आणि चष्म्यावरून पाहत ते म्हणाले होते, "असू दे. पुढच्या वाचकानं शेवट विचारला तर सांगेन, थांबा थोडी वर्षं, कळेलच."