दोर धरणारी

"माज्याशी बोलू नको, दोर माज्या हातान हाय."

मी चहाचा कप पुढे केला, त्यावर तिने मान न वळवता दिलेलं हे उत्तर. नजर वर झाडात. तिचा नवरा करवत घेऊन चढला होता. त्याच्या कमरेचा दोर वरच्या बेचक्यातून खाली येऊन, बुंध्याला एक वेढा घेऊन तिच्या दोन्ही मुठींत होता.

आमचं बेलापूरचं घर बैठं. मागच्या विलायती शिरीषाची एक फांदी, फांदी कसली, दुसरं झाडच ते, पडवीच्या पत्र्यांवर आडवी झाली होती. वारा सुटला की करकरायची, आणि आम्ही जेवता जेवता वर बघायचो. पालिकेची परवानगी हातात आली तेव्हा शेजाऱ्यांनी जवळच्या दिवाळे गावातल्या या जोडप्याचं नाव सुचवलं. नवरा काटकुळा, अबोल, एकेकाळी होडीवर काम केलेला. बायको सकाळी मासळी विकून मग इकडे येणारी, आणि दोघांच्या वाटणीचं एकटीच बोलणारी. अशी जोडपी तुम्हीही पाहिली असतील.

आल्या आल्या तिने आमचं घर रिकामं केलं. "ग्यास बंद कर. म्हातारीला बाहेर बसव." माझ्या सासूबाईंना म्हातारी म्हणायची हिंमत आजवर कोणी केली नव्हती. सासूबाई निमूटपणे गेटाशी खुर्ची टाकून बसल्या.

नवरा जमिनीवर असला की "आमचे हे" आणि "तुमी". पहिल्या फांदीच्या वर गेला की मान संपला. "अरे, खालना चीर दे आदी! साल फाटंल!" फांदीला वेगळा दोर बांधलेला होता, तो गावची दोन माणसं सांभाळत होती. शेंड्याकडून एकेक तुकडा आधी खालून चिरायचा, मग वरून कापायचा आणि पत्र्याला न लागता हळूच खाली सोडायचा. "त्या दोराला कोनपन चालंल," ती म्हणायची. नवऱ्याच्या दोराला मात्र दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

पूर्वी तो दोर एक गडी धरायचा. एकदा त्याचा मोबाइल वाजला, तो काढायला त्याने एक हात सोडला आणि नेमका तेव्हाच वर हिच्या नवऱ्याचा पाय सुटला. जीव वाचला, पण एक खांदा कायमचा अधू झाला. "माजा कुकू परक्याच्या हातान कशाला देऊ?" एवढंच सांगून ती पुन्हा वर बघायला लागली.

त्या दिवशी आमच्याकडे शेवटचा जाड तुकडा सुटला, हलकं झालेलं खोड उसळलं आणि तो घसरला. हवेत लोंबकळला. आम्ही सगळे ओरडलो. ती ओरडली नाही. पाय रोवून मागे झुकली, मग वेढा जरा जरा सैल करत त्याला खाली घेतलं. त्याचे पाय टेकल्यावर तिने त्याच्या छातीवर तळहात ठेवला, आणि लगेच शिव्यांना सुरुवात केली. मला हसूच आलं. आता तरी घे म्हणून मी चहा दिला, तर कप घेतानाही तिने दुसऱ्या मुठीतला दोर सोडला नाही.

"घाबरलीस?"

"दर बारीला घाबरते," ती हळूच म्हणाली. "त्यांना सांगू नको."

पुढे दर उन्हाळ्यात नव्याने फुटलेली फांदी छाटायला दोघं येत राहिली. यंदा मी फोन केला तो तिनेच उचलला. "ते गेले, ताई." कुठल्या झाडावरून, असं माझ्या अगदी तोंडात आलं होतं. जीभ आवरली आणि दिवाळ्याला गेले.

ती दारातल्या ओट्यावर बसली होती. कपाळ मोकळं. नवरा जेवून तिथेच बसला होता आणि बसल्या बसल्या कलंडला. डॉक्टर हृदयाचं काहीतरी म्हणाले. ती तेव्हा आत भांडी घासत होती.

"फांदी आली ना परत पत्र्यावर?" तिनेच विचारलं. "कुनालापन बोलव. पन खाली त्याच्या घरची बाई उभी कर."

मी हो म्हटलं. ती ओट्याच्या कडेवरून हात फिरवत राहिली.

"इतकी झाडं केली, कदी सोडला नाय," ती म्हणाली. "आन एवढ्याशा ओट्यावरना पडला. झाडावर असता त धरला असता मी."

त्याच ओट्यावर मी तिच्या शेजारी बसले होते, आणि माझे पाय जमिनीला टेकत होते.