दोघांना विकलेली जागा

कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या हिरव्या पट्टीवर बोट ठेवून मॅडम म्हणायच्या, "हे रिकामं नाही. इथं रुमाल टाकला हाये." एवढं बोलून अंगावरची शाल सावरायच्या आणि पुढच्या कामाला लागायच्या. बाहेर अमरावतीचा मे महिना आणि ही बाई सर्व्हर रूमच्या एसीत लोकरी शाल पांघरून बसलेली. नवीन माणसाला आधी शाल दिसायची, मग रुमालाचं बोलणं ऐकू यायचं आणि आपण भलत्याच ठिकाणी नोकरीला लागलो असं त्याला वाटायचं.

रुमालाची गोष्ट आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. अकोल्याची एसटी लागली की खिडकीतून रुमाल आत टाकायचा, ती सीट आपली. रुमालाचा मालक अजून रसवंतीवर उभा असला तरी तिथे कोणी बसत नाही आणि बसलाच तर अर्धी गाडी त्याला उठवते. मॅडमनी हाच कायदा आमच्या कंपनीत चालवला होता.

कंपनी क्लाउडची. नाव मोठं, धंदा साधा. मोठी यंत्रं ठेवायची, एकेका यंत्रात बरेच व्हर्च्युअल सर्व्हर करायचे आणि ते दवाखान्यांना, शिकवणी वर्गांना, व्यापाऱ्यांना भाड्याने द्यायचे. सर्व्हर कितीही करा, बाहेर इंटरनेटवर जाणारी वाट सगळ्यांना मिळून एकच. सगळे एकदम निघाले की तिथे कोंडी होणारच. म्हणून ज्याचं काम अडून चालणार नाही, त्याच्यासाठी त्या वाटेतली ठरावीक रुंदी राखून ठेवायची. त्याने ती वापरली तरी त्याची, नाही वापरली तरी त्याचीच. यालाच आम्ही गॅरंटी म्हणतो. ती राखायचं काम मॅडमचं होतं. मी फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायचो.

मॅडमचं बोलणं सरळसोट. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने एकदा विचारलं, "गॅरंटी म्हणजे नक्की किती धरायची?" मॅडम म्हणाल्या, "जेवढी सांगतली तेवढी. त्याच्याहून कमी भेटली त मले शिव्या द्या." त्या माणसाने उद्धटपणाची तक्रार केली आणि त्याच आठवड्यात आणखी दोन सर्व्हर घेतले.

माहेर अंजनगाव सुर्जीचं. तिकडून आल्या की ओल्या फडक्यात गुंडाळून विड्याची पानं आणायच्या. वाटताना त्यांची एक पद्धत होती. जो त्या दिवशी आलेला नाही त्याचा वाटा आधी बाजूला काढायच्या, मग आमच्या हातावर ठेवायच्या. "जो समोर हाये तो मागून घेते," म्हणायच्या. "जो नाही त्याचं कोन पाहीन?"

सर्वांत मोठा रुमाल अकोल्याच्या एका हॉस्पिटलचा होता. तिथे लकव्याचा पेशंट आला की मेंदूच्या स्कॅनचे फोटो आमच्या सर्व्हरवरून दूरच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे जात. त्यांनी पाहून सांगेपर्यंत इंजेक्शन देता येत नसे, आणि ते उशिरा देऊन उपयोग नसे. फोटो थोडाच वेळ जायचे. बाकी दिवसभर ती जागा मोकळी दिसायची, आणि आमच्या मालकांना, साहेबांना, मोकळी जागा पाहवत नसे.

"मॅडम, दिवसभर खाली पडून राहते ती. देऊन टाका दुसऱ्याला."

"उसनी देतोच न आपन. हॉस्पिटलनं मागितली की त्याले उठा लागते, एवढंच. पन इकता येत नाही, साहेब. ते इकलेली हाये."

साहेब हसायचे. हसणाऱ्या मालकासारखा वाईट मालक नाही, हे मला फार उशिरा कळलं.

मॅडमच्या सासूबाई वारल्या. मॅडम तेरवीपर्यंत रजेवर गेल्या आणि साहेबांनी ती जागा एका मोठ्या शिकवणी वर्गाला विकली, त्यांच्या ऑनलाइन परीक्षेसाठी, पक्क्या गॅरंटीसह. मॅडमच्या खुर्चीत बसून साहेबांच्या इंजिनिअर भाच्याने तसा बदल करून दिला. एकाच सीटवर दोन रुमाल.

परीक्षेच्या सकाळी पातूरच्या एका भाजीवाल्या बाईला लकवा मारला. तिला अकोल्याला आणलं, स्कॅन झाला आणि फोटो वाटेतच अडकले. ते पोचले तोवर इंजेक्शनची वेळ टळली होती. बाई जगली. उजवा हात गेला, वाचा गेली.

मॅडम कामावर परतल्या तेव्हा साहेबांनी हॉस्पिटलला कळवून टाकलं होतं की नेटवर्क पाहणाऱ्या बाईच्या हातून चूक झाली आणि त्यांना काढण्यात आलं आहे. ही बातमी त्यांना आपल्या खुर्चीशी आल्यावर, त्या भाच्याच्या तोंडून कळली.

"मी त इथं नव्हती," मॅडम साहेबांना म्हणाल्या. "तुमीच दोघायले एक जागा इकली."

मीही म्हणालो, "साहेब, मॅडम रजेवर होत्या."

"जबाबदारी रजेवर जात नसते," साहेब म्हणाले. हे वाक्य आठवलं की आजही माझ्या तोंडात शिवी येते.

बाकी सगळे आपापल्या पडद्याकडे पाहत बसले. यातल्या प्रत्येकाने मॅडमनी राखून ठेवलेली पानं खाल्ली होती. मॅडमनी मला फक्त विचारलं, "भाऊ, त्या बाईचा हात हालते का आता?" मी नाही म्हणालो. त्या डबा घेऊन निघून गेल्या.

त्यानंतर अमरावती-अकोल्यात त्यांना काम मिळालं नाही. जिथे विचारायला जावं तिथे साहेबांचा शब्द आधीच पोचलेला असे. अशा कामात माणसाची पत गेली की शिक्षण कोणी विचारत नाही. आता त्या अंजनगावला भावाकडे असतात, एवढंच ऐकलं.

मागच्या महिन्यात अकोल्याच्या हॉस्पिटलमधले स्कॅन विभागाचे प्रमुख नव्या करारासाठी आमच्याकडे आले. साहेब येईपर्यंत माझ्याजवळ बसले.

"त्या बाईले काढलं हे बेस केलं तुमी," ते म्हणाले. "जित्या मानसाचं वाटोळं केलं तिनं." मग आवाज मऊ करून म्हणाले, "पन तुमच्याकडं एक ताई होत्या न? रोज सकाळी फोन करे. आज स्कॅन किती हायेत, फोटो बराबर जाऊन राहिले का, सारं विचारे. कंपनीतून बोलतो म्हने, नाव काई कधी सांगतलं नाही. त्याईचा फोन बंद झाला अन् त्याच हप्त्यात हे झालं. त्याईले नोका सोडू बाप्पा."

मॅडम असा फोन करत होत्या हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

"तुम्ही ज्यांना शिव्या देता, त्याच त्या," मी म्हणालो.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. काही बोलणार तेवढ्यात साहेब आले आणि करार त्यांच्यासमोर ठेवला. प्रमुखांनी पेन हातात घेतलं, पण कागदावर टेकवलं नाही.

"मंग आता सकाळी फोन कोन करीन?" त्यांनी विचारलं.

"फोनची गरजच काय?" साहेब हसून म्हणाले. "लेखी गॅरंटी देतोय ना."

प्रमुखांनी सही केली.