वस्त्रगाळ माती

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. सख्ख्या बहिणीपाशी नाही, मुलीपाशी तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही काही ब्राह्मणपुरीला येऊन आमच्या ओट्यावर बसणार नाही.

आमचा एक छोटा लोडर होता. आमच्या ह्यांनी जुना घेऊन स्वतःच्या हातानं उभा केलेला. नवापूरकडच्या पोल्ट्र्यांमधलं खत काढायला तो जायचा, आणि त्याच्यासोबत हे. एकदा गेले की वीस-वीस दिवस तिकडेच. मुलगी सासरी, घरात मी एकटी. पन्नाशीच्या बाईनं नवऱ्याची अशी वाट बघायची असते का? लोक हसतील — हसू देत. रस्त्यावर टेम्पोचा आवाज आला की तव्यावरची भाकर सोडून मी दाराशी धावायचे. किती भाकरी करपल्या, विचारू नका.

मग एकदा लोडरचा पाइप फुटला आणि मशीन घेऊन हे घरी आले. सहा दिवस अंगणात दुरुस्ती चालली. काय शिस्त त्या माणसाची! हायड्रॉलिकच्या तेलात धुळीचा कण गेला तरी सगळं बिघडतं, म्हणून आधी सडा मारायचा, ताडपत्री अंथरायची, साबणानं तीनदा हात धुवायचे, मग पान्याला हात लावायचा. मी सिलिंडर धरून बसायचे. परातीत डिझेल घेऊन सुटे भाग धुवायचे, माझ्या जुन्या पातळावर ओळीनं मांडायचे. हे एकेक समजावून सांगायचे — हा सील, हा पंप, हे तेलाच्या टाकीचं तोंड, त्यात ही जाळी. दुपारी मशीनच्याच सावलीत एका ताटात कळण्याची भाकर आणि ठेचा. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण इतकं बोलणं आमचं कधी झालं नव्हतं. सातव्या दिवशी हे गेले. तेलाचे डाग पडलेलं ते अंगण मला दोन दिवस झाडवेना.

पुन्हा काहीतरी बिघडावं, असं वाटायला लागलं. नुसतं वाटण्यात काय पाप? पण मी वाटण्यावर थांबले नाही —

पुढच्या खेपेला हे लोडरसकट दोनच दिवसांसाठी आले. निघायच्या सकाळी आंघोळीला गेले, आणि मी टाकीचं झाकण काढलं. शेतातली काळी माती मी आदल्या दिवशीच वाळवून ठेवली होती. चहाच्या गाळणीनं भागेना, म्हणून पदरातून वस्त्रगाळ केली होती. जाळीतून खाली उतरायची तर तेवढी बारीक हवी. ती जाळी मला कुणी दाखवली होती? त्यांनीच. चिमूटभर टाकली, वरणात हिंग घालतो तेवढी.

महिन्याच्या आत खतानं भरून उचललेली बकेट आपोआप खाली उतरायला लागली आणि हे घरी आले. सील काढला तर चिरलेला, तेलाच्या तळाशी माती. बोटावर घेऊन त्यांनी मला दाखवली.

"हाई माती कथाईन उनी वं?"

मी म्हटलं, वाऱ्यानं आली असेल, मागल्या वेळी खोललं तेव्हा सुटला होता ना. त्यांना पटलं. त्या वेळी अंगणाभोवती ओल्या चादरी बांधून त्यांनी काम केलं, आणि चादरींची टोकं धरायला मीच होते. खोटं कशाला बोलू — त्या दिवशी मी खुशीत होते. शेवभाजी केली होती.

असं मी तीनदा केलं.

तिसऱ्या वेळी पंपच गेला. शहाद्याहून मिस्तरी बोलवावा लागला. तोवर गावातले लोक आपले फवारणी पंप, ट्रॅक्टरचे जॅक ह्यांच्याकडे घेऊन यायचे. त्यातलेच चार जण बघायला जमले होते. मिस्तरीनं तेल दोन बोटांत चोळलं आणि सगळ्यांसमोर ह्यांना विचारलं,

"दादा, उकिरडावर बशीसन खोलेल व्हतं का हाई?"

सगळे हसले. हे खाली बघत राहिले. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. माती मी टाकली — एवढं एक वाक्य पुरलं असतं. आणि मी काय विचारलं? मिस्तरीला साखर किती लागते.

सगळे गेल्यावर हे ओट्यावर बसले, दोन्ही तळवे उघडे धरून. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मन्हा हातच मळेल शेतस."

त्यांचे हात मळलेले म्हणे, आणि मी चहाचे कप गोळा करून आत नेले.

लोडर विकला. पाने वाटून टाकले. आता हे सुरतकडे दुसऱ्याचा लोडर चालवतात. काही बिघडलं की मालकाला फोन करतात, स्वतः नटालाही हात लावत नाहीत. घरी येतात होळीला आणि दिवाळीला. वीस दिवसांची वाट मी सहा महिन्यांची करून घेतली. पण माझं सोडा. त्यांचे हात किती स्वच्छ होते, हे जगात एकट्या मला माहीत आहे.

ह्या होळीला आले होते. ताट वाढलं तसे मोरीवर गेले. मी तांब्या घेऊन उभी राहिले. साबणानं एकदा हात धुतले, दुसऱ्यांदा धुतले, मग नखं उजेडात धरून बघितली.

"आखो वत," म्हणाले.

मी पाणी ओतलं.